लेकीच्या मापाची रायफल

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी खांद्याला लावलेली असते. नेम धरावा लाल फुग्यावर आणि फुटावा शेजारचा पिवळा, नाहीतर कुठलाच नाही. आम्हा नवराबायकोची बंदुकीशी ओळख तेवढीच होती. आमच्यातला एक एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, दुसरी घरी शिलाई मशीनवर ब्लाउज-ड्रेस शिवणारी. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी आमची धाकटी शाळेतून येऊन, "मी रायफल शूटिंगला नाव दिलंय," असे म्हणाली, तेव्हा आम्ही दोघेही हसलो. चार दिवसांची हौस आहे, उतरेल, असे वाटले.

हौस उतरली नाही. मुलगी तीन वर्षे क्लबच्या रायफलीवर सराव करत राहिली. गेल्या वर्षी प्रशिक्षक सरांनी आम्हाला बोलावून घेतले आणि सांगितले, "हिला आता स्वतःची रायफल लागेल." किंमत विचारली. त्यांनी जो आकडा सांगितला, तो ऐकून आम्ही परतीच्या बसमध्ये एकमेकांशी बोललो नाही. नवी परदेशी रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते. थोरला मुलगा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. घराचा हप्ता चालू.

आज ती रायफल घरात आहे. ती घेताना आम्ही कुठे चुकता चुकता वाचलो आणि काय शिकलो, ते इथे लिहीत आहोत. आपल्या वस्त्यांमधून आता मुलेमुली या खेळाकडे वळू लागली आहेत. त्यांच्या आईवडिलांना आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

आधी खेळ समजून घ्यावा

एअर रायफलमध्ये दारू नसते. दाबलेल्या हवेने शिशाचा छोटा छर्रा सुटतो. छऱ्याची जाडी 4.5 मिलिमीटर, लक्ष्य 10 मीटरवर. लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचा जो ठिपका असतो, तो अवघा अर्धा मिलिमीटर असतो. बॉलपेनने कागदावर टेकवलेला ठिपका म्हणा. उभे राहून, कशालाही न टेकता, त्याच्यावर साठ वेळा नेम धरायचा आणि तोही सव्वा तासात. एका छऱ्याला जास्तीत जास्त 10.9 गुण, म्हणून साठ छऱ्यांचे पूर्ण गुण 654. 2018 च्या आधी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पुरुषांना साठ आणि महिलांना चाळीसच छरे असत. 2018 पासून दोघांनाही सारखेच साठ झाले. आमच्या मुलीने हे सांगितले, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता.

जत्रेतली बंदूक नळी मोडून भरतात. तिच्या आत स्प्रिंग असते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, अख्खी बंदूक हलते आणि छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत नेम सरकलेला असतो. स्पर्धेच्या रायफलीला नळीखाली हवेचे सिलिंडर असते. त्यात साधारण 200 बार दाबाची हवा भरतात. झडप क्षणभर उघडते, मोजकी हवा सुटते, रायफल जागची फारशी हलत नाही. एस.टी.च्या एअर ब्रेकवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे तत्त्व लगेच कळले. नेमासाठी मागे बारीक भोकाची पीप साइट आणि पुढे माशीच्या जागी गोल कडी. कडीच्या आत काळे वर्तुळ बरोबर मधोमध बसवायचे.

नवशिक्या मुलामुलीला पहिल्याच महिन्यात अशी रायफल घेऊन देण्याची काही गरज नाही. क्लबमध्ये रायफली असतात, त्यांवर किमान वर्षभर सराव होऊ द्यावा. दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मूल आपणहून सरावाला जाते का, की ढकलावे लागते? दुसरी, वहीत गुण लिहिते का? आमच्या मुलीच्या वहीत तीन वर्षांचे गुण तारखेनिशी आहेत. ती पाचशे साठपासून पाचशे नव्वदपर्यंत आली आणि तिथे आठ महिने अडकली. त्या आठ महिन्यांनीच आम्हाला पटवले की आता रायफलीचा विचार करायला हवा. दुकानातली चकचकीत पेटी पाहून तो निर्णय झालेला नाही.

किमतीआधी माप

आता मुख्य मुद्दा. पहिली भारी रायफल घेताना लोक आधी कंपनीचे नाव विचारतात. आम्हीही तेच केले. जर्मनीतल्या वॉल्थर, फाइनवर्कबाऊ, अन्शुट्झ, ऑस्ट्रियाची स्टायर, इटलीची पार्दिनी, अशी नावे आम्ही पाठ केली. यातली चांगली कुठली, असे सरांना विचारले. ते म्हणाले, "चांगल्या सगळ्याच आहेत. हिच्या अंगाला कुठली बसते ते पाहू."

शिलाईच्या धंद्यातल्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. हजाराचे कापड असो की शंभराचे, खांदा उतरला तर ड्रेस वाया. रायफलीचे तसेच आहे. दस्त्याचे टोक खांद्याच्या खोबणीत बसले पाहिजे. त्याची लांबी हाताच्या लांबीप्रमाणे कमी-जास्त करता आली पाहिजे. गाल जिथे टेकतो ती पाटी वर-खाली करता आली पाहिजे, म्हणजे मान न वाकवता डोळा आपोआप पीप साइटच्या समोर येतो. उजव्या हाताची मूठ लहान, मध्यम, मोठी अशा मापांत मिळते. मुलीच्या हातात पुरुषी पंजाची मूठ दिली तर बोट चापापर्यंत नीट पोहोचतच नाही.

आमची मुलगी जिच्यावर सराव करत होती, ती क्लबची रायफल एका उंच मुलासाठी जुळवलेली होती. तिच्या आधी आणि नंतर आणखी चार जण तीच वापरत. रोज पाटी हलवायची, रोज मान वाकवायची. सरांनी तिचे बाजूने फोटो काढून आम्हाला दाखवले. मान पुढे ताणलेली, उजवा खांदा उचललेला. चाळीस छऱ्यांनंतर गुण का घसरतात, ते फोटोतच दिसत होते.

वजनाचेही तसेच. नियमाप्रमाणे रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. पण चालते म्हणून तेवढी घ्यावी असे नाही. सव्वा तास उभे राहायचे आहे. बारीक अंगाच्या मुलीने साडेचार किलोच्या आसपासची रायफल घ्यावी आणि पुढे ताकद वाढेल तशी छोटी वजने लावत जावे. रायफल पुढे जड वाटते की मागे, हेही खांद्याला लावूनच कळते. मूल डावखुरे असेल किंवा त्याचा डावा डोळा जास्त चालत असेल तर आधी प्रशिक्षकांना विचारावे. उजव्या हाताची रायफल स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये.

आणखी एक गोष्ट आमच्या पैशाच्या दृष्टीने फार मोलाची ठरली. एकाच कंपनीच्या साध्या आणि महाग रायफलीत नळी आणि हवेचे यंत्र बहुधा सारखेच असते. फरक असतो तो दस्त्यात. महाग रायफलीचा दस्ता ॲल्युमिनियमचा, त्याला दहा ठिकाणी स्क्रू, प्रत्येक भाग हलवता येतो. साधीचा दस्ता लाकडी, जुळवाजुळव कमी. ज्याला साधी रायफल अंगाला बसते, त्याने वरच्या स्क्रूंचे पैसे का मोजावेत? आणि मूल तेरा-चौदा वर्षांचे, वाढत्या अंगाचे असेल, तर मात्र जुळवाजुळव जास्त हवी. नाहीतर दोन वर्षांत दस्ता आखूड पडतो.

जुनी रायफल घेताना

नवी रायफल आम्हाला झेपणार नव्हती. तेव्हा जुनीच पाहायची ठरले. चांगली निगा राखलेली नळी वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे जुनी रायफल घेण्यात कमीपणा काही नाही. पण इथेच आम्ही फसता फसता वाचलो.

एका विक्रेत्याकडे सव्वा लाखात रायफल मिळत होती. नामांकित कंपनी, काळा-निळा रंग, पेटीसकट. आम्ही पतपेढीत कर्जाचा अर्जसुद्धा भरला होता. पैसे द्यायच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहायला गेलो. वर्कशॉपची सवय म्हणून सिलिंडर हातात घेऊन त्यावरचा शिक्का वाचला. घरच्या गॅसच्या टाकीवर तपासणीची तारीख असते, तशी यावरही असते. या सिलिंडरची मुदत संपून दोन वर्षे झाली होती. विक्रेत्याला विचारले तर म्हणाला, "अहो, काही होत नाही, सगळे असेच वापरतात."

दोनशे बार म्हणजे काय, हे आम्हाला माहीत आहे. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते आणि तो टायर फुटला तर काय होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. इथे तर ते सिलिंडर मुलीच्या डाव्या हाताजवळ, तोंडापासून हातभर अंतरावर असणार. अनेक कंपन्यांच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची असते आणि मुदतीतले सिलिंडर वापरण्याची जबाबदारी स्पर्धेच्या नियमांप्रमाणे खेळाडूचीच असते. नवे सिलिंडर घ्यायचे तर काही हजारांचा खर्च वेगळा आणि ते येईपर्यंत वाट पाहणे वेगळे. आम्ही हात जोडले आणि निघालो. त्या रात्री मुलगी जेवली नाही. आम्हालाही घास गोड लागला नाही. पण तो नकार योग्य होता, असे आजही वाटते.

तेव्हापासून आम्ही पाहण्याच्या गोष्टींची यादीच केली. सिलिंडरची तारीख पहिली. दुसरे, हवा भरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी दाबाचा काटा पाहावा. काटा खाली आला असेल तर कुठेतरी गळती आहे. तिसरे, रायफल पक्की आवळून 10 मीटरवर पाच छरे मारून पाहावेत. चांगल्या नळीतून पाचही छऱ्यांचे मिळून छऱ्यापेक्षा जरासेच मोठे एकच भोक पडते. पाच भोके वेगवेगळी दिसली तर आधी छरे बदलून पाहावेत. तरीही तसेच झाले तर रायफल सोडून द्यावी. चौथे, पीप साइटचे बटण फिरवताना प्रत्येक टिचकी स्पष्ट लागते का. पाचवे, मूळ पावती आणि आयातीचे कागद. परदेशी रायफल कुणी सवलतीत आणलेली असेल तर ती विकण्यावर अटी असू शकतात. कागद नाहीत तर व्यवहार नाही. आणि सहावे, हे सगळे प्रशिक्षकांना सोबत नेऊनच करावे.

चार महिन्यांनी सरांच्या ओळखीच्या एका खेळाडूने आपली रायफल विकायला काढली. ती नोकरीला लागली होती, सराव सुटला होता. उंची आमच्या मुलीएवढीच. लाकडी दस्ता, साधे मॉडेल, दिसायला पहिल्यापेक्षा उणे. सिलिंडरची सहा वर्षे शिल्लक. मुलीने खांद्याला लावली, डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि म्हणाली, "आई, मान वाकवावी लागत नाही." किंमत एक लाख साठ हजार ठरली. चाळीस हजार भिशीचे, बाकी पतपेढीचे कर्ज. दरमहा पगारातून कपात होते.

रायफलीनंतरचा खर्च

रायफल घेतली म्हणजे खर्च संपला असे समजू नये. कॅनव्हास आणि चामड्याचे ताठ जॅकेट, पँट, सपाट तळव्याचे बूट, डाव्या हाताचा मोजा हे सगळे लागते. हे भारतात शिवलेलेही चांगले मिळते. जॅकेट मापाचेच घ्यावे, मोठ्या भावंडाचे लहानाला चालत नाही.

छरे हा कायमचा खर्च. पाचशेची डबी येते. रोज ऐंशी छरे, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे आठवड्याला चारशे आणि महिन्याला तीन डब्यांहून अधिक. सरावाला साधे छरे वापरावेत, स्पर्धेचे वेगळे ठेवावेत. प्रत्येक नळीला एखादाच छर्रा मानवतो. 4.49 आणि 4.50 मिलिमीटर, एवढ्याशा फरकानेही गट मोठा-छोटा होतो. म्हणून आधी थोडे थोडे मागवून तपासावेत, मगच एकाच लॉटच्या डब्या घ्याव्यात.

हवा क्लबच्या मोठ्या टाकीतून भरून घेणे उत्तम. हातपंपही मिळतो, पण त्याने ओलावा आत जातो. एअर ब्रेकच्या टाकीतून रोज पाणी का काढतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचे कारण सांगायला नको. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कधीही भरू नये. तेलाच्या अंशाशी त्याचा संबंध आला की स्फोट होतो.

बिनखर्चाचा सरावही आहे. बहुतेक रायफलींत छर्रा न भरता आणि हवा न सोडता चाप ओढायची सोय असते. आमची मुलगी रोज रात्री अर्धा तास भिंतीवर ठिपका काढून असा सराव करते. वीस पावलांच्या खोलीचीही गरज नाही.

कायदा, शेजार आणि काळजी

2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीची शक्ती साडेसात ज्यूलच्या आसपास असते. तरीही खरेदीची पावती, क्लबचे ओळखपत्र आणि प्रशिक्षकांचे पत्र प्रवासात जवळ ठेवावे. रायफल नेहमी बंद पेटीत न्यावी. ती वस्तीत कुणाला दाखवायला काढू नये, तिच्यासोबत मुलांचे फोटो काढू नयेत. ती खेळणे नाही. या छऱ्याने डोळा जातो. रायफल वापरात नसताना नळीत रंगीत सुरक्षा दोरी घालून ठेवावी. छरे शिशाचे असतात, म्हणून सराव संपला की साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

शेजारपाजारचे बोलतात. "मुलीच्या लग्नाचे पैसे बंदुकीत घातले," असे आम्हालाही ऐकवले गेले. आम्ही वाद घातला नाही. महाराष्ट्राच्या मुलींनी या खेळात काय केले, तेवढे सांगितले. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर 2004 मध्ये अथेन्सला अंतिम फेरीत गेल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर रायफलमध्ये विश्वविजेत्या झाल्या. मुलांचेही सांगावे तर ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोला 10 मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणले.

पण खरे सांगायचे तर आम्ही ही नावे डोळ्यांपुढे ठेवून कर्ज काढलेले नाही. पदक मिळेल, नोकरी मिळेल, असा हिशेब करून रायफल घेणारे पुढे मुलांवर चिडतात. ते आम्ही क्लबमध्ये पाहिले आहे. कर्ज काढायच्या आधी आम्ही थोरल्याला समोर बसवले. त्याची फी थांबणार नाही, हे आधी सांगितले. तो म्हणाला, "माझ्या सायकलीच्या वेळी तिने हट्ट केला नव्हता. घ्या तुम्ही." मग मुलीला विचारले, "समजा, गुण वाढले नाहीत तर?" तिने वही पुढे केली. म्हणाली, "बाबा, माझ्या चुका रायफल घेतल्याने जाणार नाहीत. पण आता चूक झाली तर ती माझीच असेल, एवढं मला कळेल."

रायफल आल्यावर तीन महिन्यांनी जिल्ह्याबाहेर पहिली स्पर्धा झाली. आम्ही दोघेही मागच्या बाकावर बसलो होतो. शेवटच्या दहा छऱ्यांपैकी दोन आठात गेले, तेव्हा तिचे खांदे पडलेले दिसले. तिने रायफल स्टँडवर ठेवली, डोळे मिटून दोन-तीन श्वास घेतले आणि पुन्हा उचलली. एकूण 604.2 गुण झाले. पदक नाही, पहिल्या दहांतही नाही. बसमध्ये बसल्यावर तिने वही काढली आणि ते दोन आठ कोणत्या छऱ्यांना गेले, ते लिहू लागली.

ज्या घरात अशी वही लिहिली जाते, त्या घराने रायफलीचा विचार जरूर करावा. मुलाला किंवा मुलीला सोबत नेऊन, रायफल खांद्याला लावून पाहून, सिलिंडरवरची तारीख वाचून. आणि कर्ज तेवढेच काढावे, ज्याचा हप्ता भरताना मुलांकडे पाहून कपाळाला आठी पडणार नाही.